जुन्या बगॅसची धूळ आणि छातीचा रोग



या पानावर आम्ही नेहमी खोडव्याची निगा, बेणे बदल, पाचट आच्छादन, ठिबकाची देखभाल असे विषय घेतो. या अंकातला विषय थोडा निराळा आहे. तो उसापासूनच सुरू होतो, पण जाऊन पोहोचतो माणसाच्या छातीत. आमचे शिक्षण कृषी पदविकेपर्यंतचे. आम्ही डॉक्टर नाही आणि औषध सांगण्याचा आम्हाला अधिकारही नाही. पण धूळ कुठे तयार होते, कोणत्या महिन्यात होते, कोणाच्या नाकातोंडात जाते आणि ती कशी टाळता येते, एवढे ऊस विकास खात्यातल्या माणसाला सांगता येते. म्हणून हा लेख.

उसाच्या चिपाडाला कारखान्यात आपण बगॅस म्हणतो. या बगॅसपासून फुप्फुसाचा एक रोग होतो, त्याचे नाव बगॅसोसिस. रोग वेळीच ओळखला आणि माणूस त्या धुळीपासून दूर झाला, तर बहुतेक वेळा तो बरा होतो. ओळखला गेला नाही आणि माणूस वर्षानुवर्षे त्याच धुळीत राहिला, तर फुप्फुसावर कायमचे वण पडतात, फुप्फुस निबर होते. एकदा वण पडले की ते पुसून टाकणारे औषध आज कुठेही नाही. तेव्हा हा रोग कोणाला होण्याचा संभव जास्त, हे आधी समजून घेतले पाहिजे.

ताजे बगॅस वेगळे, मुरलेले बगॅस वेगळे

बॉयलर हाऊसकडे आम्ही गेलो की एक वाक्य हमखास कानावर येते. "साहेब, वीस वर्षं झाली बगॅसमध्ये उभा आहे, मला काही झालं नाही." हे वाक्य खोटे नाही. गाळप चालू असताना मिलमधून निघणारे ताजे बगॅस हा रोग करत नाही. त्याने नाक चोंदेल, शिंका येतील, ठसका लागेल, डोळ्यांत कुसळ जाईल, पण बगॅसोसिस होणार नाही. रोग होतो तो साठवून ठेवलेल्या, आतून तापलेल्या, बुरसटलेल्या बगॅसने. एकाच पदार्थाची ही दोन रूपे आहेत आणि लोकांची फसगत नेमकी इथे होते.

असे का होते ते पाहू. १०० टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस निघते. त्यात जवळजवळ निम्मी ओल असते, आणि मिलने कितीही पिळले तरी दोन-तीन टक्के साखर मागे राहतेच. ओल, साखर आणि तंतू यांचा असा मोठा ढीग लावला की तो आतून तापायला लागतो. शेणखताचा उकिरडा तापतो तसाच. आतली उष्णता ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. एवढ्या उष्णतेत साधे जंतू तग धरत नाहीत, पण उष्णता मानवणारे काही सूक्ष्म जीव तिथेच जोमाने वाढतात. त्यांतल्या मुख्य जीवाचे नाव थर्मोॲक्टिनोमायसिस सॅकराय. शेतीच्या प्रयोगांसाठी जगभर नावाजलेल्या इंग्लंडच्या रॉदमस्टेड केंद्रातील शास्त्रज्ञ जॉन लेसी यांनी १९७१ साली हा जीव वेगळा ओळखून त्याला हे नाव दिले. नावातल्या सॅकरायचा संबंध उसाशीच आहे.

हा जीव कोट्यवधी बीजाणू तयार करतो. एक बीजाणू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी यापेक्षा पन्नास-साठपट तरी जास्त. ढीग ओला आहे तोवर बीजाणू चिकटून बसतात. वरचा थर वाळला आणि कोणी फावडे घातले, की पांढरट धुराचा लोट निघावा तशी धूळ उडते. मोठी धूळ नाकात, घशात अडकते आणि शेंबडाबरोबर, खाकऱ्याबरोबर बाहेर पडते. एक मायक्रॉनचा बीजाणू मात्र थेट तळापर्यंत जातो.

फुप्फुसाचा तळ म्हणजे काय, तर हवेच्या बारीक पिशव्या. दोन्ही फुप्फुसांत मिळून त्या ३० कोटींच्या वर असतात. उलगडून जमिनीवर पसरल्या तर सुमारे ७० चौरस मीटर जागा लागेल, आपल्या हिशेबाने पाऊण गुंठ्याला थोडी कमी. या पिशव्यांची भिंत इतकी पातळ असते की हवेतला प्राणवायू पलीकडच्या रक्तात झिरपतो. बीजाणू तिथे जाऊन बसले की काही माणसांचे शरीर त्यांच्यावर तुटून पडते. शरीराचा हेतू चांगला असतो, पण त्या लढाईत भिंतीला सूज येते. धूळ थांबली तर सूज उतरते. पुन्हा धूळ, पुन्हा सूज, असे चालत राहिले तर बोटावर कापल्याचा वण राहतो तसे भिंतीत चिवट तंतू भरतात, भिंत जाड होते. छाती फुगते, हवा आत जाते, पण प्राणवायू रक्तात उतरत नाही. जास्त पाणी देऊन जमीन चोपण झाली की वर पाणी साचते आणि मुळाला पोहोचत नाही, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की चोपण जमिनीत जिप्सम टाकून, चर काढून काही सुधारणा करता येते. फुप्फुसाला जिप्सम नाही.

हे नवे नाही

हा रोग काही आज उगवलेला नाही. अमेरिकेतील लुइझियाना हा उसाचा प्रांत. तिथे बगॅसच्या गठाणी बांधून त्यापासून भिंतीचे बोर्ड करत. गठाणी फोडणाऱ्या कामगारांत हा रोग न्यू ऑर्लिन्सच्या जेमिसन आणि हॉपकिन्स या डॉक्टरांनी १९४१ साली नोंदवला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्येही तो सापडला. तिथे ऊस पिकत नाही. बाहेरून आणलेले बगॅस बोर्डासाठी कुटताना कामगार आजारी पडले होते. आपल्या देशात १९५५ साली कोलकात्याजवळच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात याची पहिली नोंद झाली. या साऱ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आजारी पडले ते साखर करणारे नव्हेत, साठवलेले बगॅस उघडणारे.

लुइझियानातील एका कागद कारखान्यात बगॅस साठवण्याची आणि हाताळण्याची पद्धत बदलली, आणि कामगारांतून हा रोग नाहीसा झाला, असे १९७८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे उपाय आहे, आणि तो औषधाच्या बाटलीत नसून बगॅस यार्डात आहे.

आपल्याकडे धोक्याचे दिवस कोणते?

आपल्या भागात गाळप साधारण दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. उरलेले बगॅस यार्डात राहते. उन्हाळ्यात वरचा थर कडक वाळतो, पावसाळ्यात चार महिने भिजतो, आत मुरतो, तापतो. मग ऑक्टोबरात बॉयलर अग्निप्रदीपनाचा मुहूर्त येतो. पूजा होते, नारळ फुटतो, संचालक मंडळ फोटोला उभे राहते. पण नवा ऊस अजून यायचा असतो, तेव्हा बॉयलरला जळण कुठले? गेल्या वर्षीचे. वर्षातले सर्वांत जुने, सर्वांत बुरसटलेले बगॅस त्या आठवड्यात उकरले जाते. आमच्या मते या रोगाच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत वाईट आठवडा तो. त्या खालोखाल उन्हाळ्यात, कागद गिरणीसाठी किंवा वीटभट्टीसाठी ट्रक भरले जातात ते दिवस.

आणि ट्रक भरणारे कोण? कायम कामगारांची नावे हजेरीपटावर असतात, त्यांची वार्षिक तपासणी होते. हंगाम नसताना बगॅस भरण्याचे काम बहुतेक कारखान्यांत कंत्राटी मजूर करतात. ते आजूबाजूच्या गावांतले, तांड्यांवरचे, कित्येक तर आपल्याच सभासदांच्या घरातले असतात. आठ दिवस काम केले, ताप आला, घरी गेले. पुढच्या वर्षी दुसरा कोणी. यांची नोंद कुठेच राहत नाही. रोग कमी दिसतो याचे एक कारण असेही असू शकते की ज्यांना तो होतो ते आपल्या वहीत नाहीत.

सभासदांपैकी काही जण जुने बगॅस गुऱ्हाळासाठी नेतात, काही कोठ्यात गुरांखाली पसरायला नेतात. त्यांनाही हे लागू आहे. शिवाय बगॅसच पाहिजे असे नाही. ओले राहून बुरसटलेला कडबा, गंजीतले सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार, पावसात भिजून तापलेले गवत यांतही अशाच जातीचे जीव वाढतात. त्यापासून होणाऱ्या आजाराला परदेशात शेतकऱ्याचे फुप्फुस असेच नाव पडले आहे. प्रेसमडचे कंपोस्ट कोरडे झाल्यावर पालटताना उडणारी धूळही याच वर्गातली समजावी. पाचट जाळू नका, कुजवा, असे आम्ही दर वर्षी सांगतो आणि यापुढेही सांगणार. पण कुट्टी यंत्राने पाचट बारीक करताना तोंड बांधा आणि यंत्र वाऱ्याच्या बाजूने चालवा, एवढी त्यात भर घालतो.

रात्रीचे हिव

पुसदकडच्या एका सभासदाची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव देत नाही. वय पंचेचाळीसच्या आसपास, निर्व्यसनी माणूस, छोटे गुऱ्हाळ. दर वर्षी जुने बगॅस आणायचे आणि भट्टी पेटवण्याच्या आधी स्वतः ढीग उकरून वाळवायचे. दोन हंगाम त्यांना अधूनमधून थंडी-ताप येत होता. कधी मलेरिया म्हणून, कधी फ्ल्यू म्हणून गोळ्या झाल्या, दोन दिवसांत बरे वाटायचे. तिसऱ्या हंगामात बांधावर चढताना दम लागू लागला, वजन उतरले. क्षयाची शंका आली, थुंकी तपासली, तीत काही निघाले नाही. शेवटी एका डॉक्टरांनी विचारले, काम काय करता? उत्तर दिले ते त्यांच्या मंडळींनी. "ज्या दिवशी ढीग उकरतेत त्या राती यायले हिव भरते, बाकी दिवशी नाही." हे त्या माउलीला दोन वर्षे ठाऊक होते, विचारले कोणी नव्हते.

या एका वाक्यात रोगाची सारी खूण आहे. धूळ नाकात गेल्यावर लगेच काही होत नाही. चार ते आठ तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, छाती भरल्यासारखी वाटणे, दम लागणे असे सुरू होते. सकाळी काम केले तर त्रास संध्याकाळी. म्हणून कामाचा आणि तापाचा संबंध माणसाच्या ध्यानात येत नाही. एक ते तीन दिवसांत आपोआप उतरतो. पुन्हा कामावर गेले की पुन्हा येतो. सुटीत बरे, कामावर आजारी, असा पाळीने येणारा ताप दिसला की बगॅसची आठवण झाली पाहिजे.

दुसरा प्रकार कपटी आहे. रोज थोडी-थोडी धूळ जाणाऱ्याला असा ताप येतही नाही. दम हळूहळू वाढतो. माणूस म्हणतो वय झाले. कोरडा खोकला जात नाही, भूक मंदावते, वजन कमी होते, हातांच्या बोटांची टोके फुगीर होऊन नखे घुमटासारखी दिसू लागतात. डॉक्टरांनी पाठीवर नळी लावली की चपलेचा वेल्क्रो पट्टा उघडावा तसा चरचर आवाज ऐकू येतो. या अवस्थेला पोहोचलेल्या माणसाच्या फुप्फुसावर बहुधा वण धरलेले असतात.

एक खुलासा केलाच पाहिजे. खोकला, ताप, वजन घटणे ही क्षयाचीही लक्षणे आहेत आणि आपल्याकडे क्षय भरपूर आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी थुंकीची तपासणी टाळू नये. ती आधी करावी. आमचे म्हणणे इतकेच की थुंकीत काही निघाले नाही म्हणून विषय संपला असे समजू नये, आणि क्षय सिद्ध झाला नसताना नुसत्या अंदाजाने महिनोन्महिने गोळ्या घेत राहू नये. डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, आपण होऊन सांगावे: मी अमुक दिवस जुने बगॅस भरले, त्याच रात्री ताप आला. निदान पक्के करायला फुंकर मारून करायची श्वासाची चाचणी आणि छातीचा बारीक काप घेणारा सीटी स्कॅन लागतो. साध्या एक्स-रेत सुरुवातीचा रोग दिसेलच असे नाही. आपल्या जिल्ह्यात यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिथे जावे.

वर सांगितलेल्या सभासदांनी बगॅस सोडले, डॉक्टरांनी काही महिने औषध दिले. ताप पुन्हा आला नाही. बांधावर चढताना दम मात्र अजून लागतो. जेवढे वण पडले तेवढे राहिले.

कूलरही कारणीभूत होतो

आपण विदर्भातले लोक. मार्च उजाडला की माळ्यावरचा कूलर खाली येतो, म्हणून ही माहिती मुद्दाम देतो. देशातल्या १९ शहरांतल्या २७ रुग्णालयांनी मिळून फुप्फुस निबर करणाऱ्या रोगांच्या १,०८४ रुग्णांची नोंद ठेवली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांत ४७ टक्के रुग्णांचा रोग असाच, श्वासावाटे गेलेल्या सेंद्रिय धुळीच्या वावड्याचा होता. आणि त्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या घरी कूलरचा वापर आढळला. प्रत्येकाचा रोग कूलरनेच झाला असे यावरून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नाही. कूलरच्या ताट्या म्हणजे गवत, ओल आणि ऊब. आपल्या बगॅसच्या ढिगाचाच तो लहान भाऊ, वर पंखा बसवून तोंडासमोर ठेवलेला. ताट्या दर उन्हाळ्याला नव्या घालाव्यात. टाकीचे पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण काढून, टाकी घासून, उन्हात वाळवावी. कुबट वास येत असेल तर त्या दिवशी कूलर लावू नये. हंगामात पहिल्यांदा चालू करताना खोलीत माणूस नसावा, दारे-खिडक्या उघड्या असाव्यात.

कबुतरांच्या विष्ठेचेही तसेच आहे. मुंबईत २०२५ साली दादरचा कबुतरखाना महापालिकेने झाकला तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादात आपण पडायला नको, पण कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने फुप्फुस निबर होते ही वैद्यकातली मान्य गोष्ट आहे. कोठ्याच्या माळ्यावर कबुतरे असतील तर तो माळा कोरडा झाडू नये, पाणी मारून मग साफ करावा.

आणखी कोणाला धोका?

एकाच ढिगावर दहा माणसे काम करतात आणि त्यांतल्या एका-दोघांनाच रोग होतो. त्याचे पूर्ण कोडे अजून सुटलेले नाही, पण काही गोष्टी नक्की माहीत आहेत. धूळ किती आणि किती वर्षे, हे पहिले. दुसरे घराणे: आई-वडील, भावंडे यांपैकी कोणाचे फुप्फुस निबर झाले असेल तर इतरांनी जास्त जपावे. कारण सापडत नाही असा फुप्फुस निबर होण्याचा एक रोग साठीनंतर, आणि पुरुषांत जास्त दिसतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणखी जास्त. संधिवात आणि कातडी कडक होण्याचा रोग यांत फुप्फुसही धरले जाते. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडारोन, लघवीच्या जंतुसंसर्गावरचे नायट्रोफ्युरँटॉइन, संधिवातावरचे मेथोट्रेक्झेट अशा काही औषधांनी क्वचित फुप्फुसाला इजा होते. मात्र ही औषधे कोणी मनाने बंद करू नयेत, दम लागू लागला तर डॉक्टरांना विचारावे. कोविडमध्ये अत्यवस्थ झालेल्यांपैकी काहींच्या फुप्फुसावर वण राहिले, हे आपण पाहिलेच आहे.

विडीबाबत एक गंमत आहे. बगॅसोसिसच्या जातीचे वावड्याचे रोग विडी ओढणाऱ्यांत उलट थोडे कमी आढळतात. विडीवाल्यांनी हुरळून जाऊ नये. त्यांना तो झालाच तर जास्त वाईट होतो, आणि बाकीचे विडीचे रोग आहेतच.

वणीकडच्या कोळसा खाणींत, दगडखाणीत किंवा गिट्टी क्रशरवर काम करणारे नातलग अनेकांचे असतील. त्यांच्यात दगडाची, कोळशाची धूळ स्वतःच फुप्फुसात रुतून बसते आणि वण करते. काम सोडल्यावरही ती आतच राहते. जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस मात्र निराळा. त्यात सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, श्वासनळ्या अरुंद होतात. फुप्फुस निबर होणे हा त्याचा मुख्य प्रकार नव्हे. धूळ दिसायला सारखी असली तरी रोग वेगवेगळे आहेत.

तणनाशकाचा विषय टाळून चालणार नाही. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या घरात शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कोणी विसरलेले नाही. ती मुख्यतः कीटकनाशकांची विषबाधा होती. पॅराक्वाट हे तणनाशक त्याहून वेगळ्या रीतीने मारते. पोटात गेलेले पॅराक्वाट फुप्फुस स्वतःकडे ओढून घेते, आणि पहिल्या दोन-चार दिवसांत माणूस सावरल्यासारखा वाटला तरी पुढे फुप्फुस वेगाने निबर होत जाते. त्यावर उतारा नाही. जखमेवाटे, फाटक्या कातडीवाटेही ते अंगात भिनते. गळका पंप पाठीवर घेऊ नये, हे तर आहेच. पण त्याहून मोठी चूक म्हणजे उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून कोठ्यातल्या कोनाड्यात ठेवणे. अशी बाटली आम्हाला शेतभेटीत दिसली तर आम्ही यापुढे ती सालदाराच्या नव्हे, मालकाच्या नावे लिहून घेणार आहोत.

यार्डात काय करता येईल?

आता मुद्द्याचे. दुपट्टा तोंडाला बांधला की काम झाले, अशी समजूत आहे. दुपट्ट्याने मोठी धूळ अडते. एक मायक्रॉनचा बीजाणू आरपार जातो. एन-९५ प्रकारचा मास्क लागतो, आणि तोही गालाला घट्ट बसला पाहिजे. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते. मास्क ओला झाला, चोंदला की टाकून द्यावा. आठवडाभर खिशात ठेवून तोच लावण्यात अर्थ नाही.

मास्कच्या आधी ढिगाचे पाहावे. जागा उंच, निचऱ्याची असावी. ढीग दाबून, वर उतार देऊन, पावसाआधी ताडपत्रीने झाकावा. गठाणी करायच्या तर हवा खेळायला मध्ये फटी ठेवाव्यात. जे आधी आले ते आधी जाळावे. आपल्याकडे नेमके उलटे होते, पुढचे ताजे उचलले जाते आणि मागचा कोपरा तीन-तीन वर्षे मुरत राहतो. उकरण्याच्या वेळी त्या बाजूवर पाण्याचा बारीक फवारा मारावा, म्हणजे धूळ बसते. मात्र हे काम उकरताना करायचे. आठ दिवस आधी भिजवून ठेवले तर रोगाच्या जिवालाच पाणी दिल्यासारखे होईल. माणसांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे. लोडर असेल तर त्याची केबिन बंद असावी. बगॅसवर प्रोपिऑनिक आम्लाचा सुमारे एक टक्का वापर केला तर या जिवाची वाढ दबते, असेही प्रयोगांत दिसले आहे. खर्चाचा हिशेब रसायन विभागाने मांडून पाहावा.

बॉयलरची राख काढणाऱ्यांचे वेगळे सांगत नाही. त्यांनीही हाच मास्क लावावा.

कायद्याचे थोडे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला जोडलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत बगॅसोसिसचे नाव स्पष्ट घातलेले होते. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, आणि तिलाही अशी यादी जोडलेली आहे. भरपाई मागायची तर माणूस कामावर होता याचा पुरावा लागतो. म्हणून आमची सूचना अशी आहे की जुने बगॅस उकरणाऱ्या आणि भरणाऱ्या प्रत्येक मजुराचे नाव, गाव आणि कामाचे दिवस, कंत्राटदाराच्या नव्हे, कारखान्याच्या वहीत लिहावेत. कामाआधी आणि हंगामानंतर त्याची श्वासाची चाचणी व्हावी. आणि ज्याला एकदा हा ताप आला त्याला पुन्हा ढिगावर पाठवू नये, दुसरे काम द्यावे. यावर होणारा खर्च वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा असे आम्ही व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे. सभेत हा विषय निघाला तर सभासदांनी उसाच्या भावाइतकाच आवाज यासाठीही लावावा, अशी अपेक्षा आहे.

ज्यांना आधीच वण पडले आहेत त्यांच्यासाठी पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब ही दोन औषधे निघाली आहेत. ती महाग आहेत, वण काढत नाहीत, पण काही रुग्णांत रोगाची चाल मंद करतात. ती घ्यायची की नाही हे छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवायचे. सुरुवातीच्या रोगात सूज उतरवणारी औषधे देतात, पण धूळ चालू ठेवून ती घेण्यात फायदा नाही.

ज्या सभासदांनी गेल्या हंगामातले बगॅस गुऱ्हाळासाठी, वीटभट्टीसाठी किंवा कोठ्यासाठी नेले आहे, त्यांनी ते मृगाआधी वापरून संपवावे. उरलेच तर छपराखाली, जमिनीपासून उंच ठेवावे. घराच्या भिंतीला लावून किंवा माणसे झोपतात त्या ओसरीच्या वाऱ्याला ढीग घालू नये. भिजून काळे-पांढरे पडलेले बगॅस वाळवून जाळण्याच्या भानगडीत न पडता ओले असतानाच उकिरड्यात घालावे, त्याचे खत चांगले होते. ढीग उकरल्यावर रात्री हिव भरत असेल अशा सभासदांनी आणि मजुरांनी आपल्या गट कार्यालयात नाव द्यावे.